मातीत जाणारी कुंडी

आजचा विषय तुम्हाला फार लहान वाटेल. बी रुजवायला कुंडी कोणती घ्यावी? पण या एवढ्याशा भांड्यामागे जवळपास शतकाचा इतिहास आहे, आणि एक अर्धवट शब्द आहे: ‘विघटनशील’.

सुरुवात मुळांपासून करू. वांगी, मिरची यांची रोपं उपटून दुसरीकडे लावली तरी तग धरतात. काकडी, दोडका, भोपळा यांना मात्र मुळं दुखावलेली खपत नाहीत. म्हणून रोपासकट पुरता येईल असं भांडं हवं असतं.

१९३३ साली इंग्लंडमध्ये पॉलिथिनचा शोध लागला, तोही योगायोगानं. पुढे रोपवाटिकांत त्याची काळी पिशवी आली. हलकी आणि स्वस्त. पण लावताना ती फाडावी लागते, आणि फाडलेली पिशवी बांधावर पडून राहते.

नॉर्वेमध्ये १९५० च्या दशकात वेगळी वाट निघाली. पीट आणि लाकडाचा लगदा दाबून केलेली कुंडी, ‘जिफी पॉट’. ती तशीच मातीत पुरायची. मुळं भिंत भेदून बाहेर येतात. प्रश्न सुटला असं वाटलं.

पण पीट म्हणजे काय? थंड प्रदेशातल्या दलदलीत शेवाळ मरतं. पाण्याखाली प्राणवायू नसल्यानं ते पुरतं कुजत नाही, थरावर थर साचतो. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षं. पीटभूमी जगाच्या जमिनीच्या सुमारे ३ टक्केच. पण जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन तिच्यात आहे. पीट काढायचं तर चर खणून पाणी काढून द्यावं लागतं. मग हवा लागते आणि तो कार्बन वातावरणात जातो.

आता बघा, हजार वर्षं न कुजलेली वस्तू उकरायची, सहा आठवड्यांपुरती तिची कुंडी करायची आणि वर लिहायचं, ‘विघटनशील’. हे खोटं नाही. पण हा शब्द फक्त शेवट सांगतो, सुरुवात सांगत नाही.

ब्रिटनमध्ये १९९० च्या सुमारास पीटविरोधी मोहीम उभी राहिली आणि लक्ष नारळाकडे वळलं. केरळात, श्रीलंकेत सोडणांतून काथ्या काढल्यावर उरलेल्या भुशाचे ढीग पडून असायचे. तो आता ‘कोकोपीट’ झाला. चांगलंच झालं. तरी हिशेब पुरा करू. सोडणं महिनोन्‌महिने खाडीत कुजवली की ते पाणी नासतं. भुशात मीठ राहिलं तर कोवळी मुळं करपतात, म्हणून तो धुवायला गोडं पाणी लागतं. कोकणात सोडण परसातच असतं; लंडनला ते जहाजानं जातं.

मग निवडायचं कसं? तीन गोष्टी विचारा. वस्तू कुठून आली? ती तयार व्हायला किती काळ लागला? आणि माझ्या मातीत ती वेळेत विरेल का? तिसऱ्या प्रश्नावर मी स्वतः फसलो. पीटच्या कुंडीचा काठ मातीच्या वर राहिला, त्यानं वातीसारखा ओलावा ओढून हवेत सोडला. उपटून पाहिलं तर दोडक्याची मुळं आतच गोल फिरलेली.

हल्ली मी वर्तमानपत्राची पट्टी पेल्याभोवती गुंडाळतो, बूड दुमडतो, पेला काढून घेतो. लावताना काठ फाडून बूड उकलतो. पळसाचा द्रोणही चालतो, तळाला भोक मात्र पाडा.

तुमच्या गावात फुकट काय मिळतं, ते प्रश्नोत्तरांत सांगा.