बर्नआउट म्हणजे काय? कोरोनाकाळात आरोग्य कर्मचारी का कोलमडले

२२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. त्यानंतर दोन वर्षं ही माणसं कशी जगली, हा विषय मात्र फारसा चर्चेत आला नाही. आज आपल्या मोहल्ल्यांत नर्सिंग, बी.यू.एम.एस., फार्मसी किंवा लॅब टेक्निशियनचं शिक्षण घेतलेली मुलं-मुली बऱ्याच घरांत आहेत. बारावीनंतर त्यांना या वाटेवर पाठवणाऱ्यांत आम्ही शिक्षकही असतो. म्हणून ‘बर्नआउट’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा.

हा शब्द १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने वापरात आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची व्याख्या आहे. तिथे बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही तर होणारा परिणाम, असं म्हटलं आहे. त्याची तीन लक्षणं दिली आहेत. अंगातली शक्तीच संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन उडणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं.

साधा थकवा दोन दिवस झोप काढली की उतरतो. बर्नआउट उतरत नाही. सुट्टीच्या दिवशीही ड्यूटीचा विचार आला की छातीत धस्स होतं. जी सिस्टर पेशंटला नावाने हाक मारायची, ती ‘सात नंबर बेड’ म्हणू लागते. घरी मुलांवर उगाच ओरडते आणि मग एकटीच रडते. आपण म्हणतो, ‘हिला काय झालंय? एवढी चांगली नोकरी आहे.’

कोरोनाच्या सुरुवातीलाच याची चाहूल लागली होती. वुहान आणि चीनमधील इतर भागांतल्या ३४ रुग्णालयांतील १,२५७ डॉक्टर-नर्सेसची पाहणी मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात निम्म्यांहून थोड्या अधिक जणांत नैराश्याची आणि ३४ टक्क्यांत निद्रानाशाची लक्षणं आढळली. नर्सेस, स्त्रिया आणि थेट कोरोना वॉर्डात काम करणारे यांना त्रास जास्त होता.

आपल्या महाराष्ट्रात दुसरी लाट सर्वांत भारी गेली. १८ एप्रिल २०२१ रोजी राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. बेड नाही, ऑक्सिजन अपुरा, रेमडेसिविरसाठी नातेवाईकांची वणवण. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळाला, पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. कोणाला बेड द्यायचा आणि कोणाला नाही, हा निर्णय ज्यांना घ्यावा लागला त्यांच्या मनाला झालेली जखम निव्वळ थकव्याची नाही. तज्ज्ञ तिला वेगळं नाव देतात, नैतिक इजा. काय करायला हवं हे माहीत असतं, पण साधन नसल्याने ते करता येत नाही. अशी जखम झोपेने भरत नाही.

त्यात पीपीई किट. एकदा चढवलं की तासन्‌तास ना पाणी पिता येतं, ना लघवीला जाता येतं. पाळी आलेल्या बायकांचे हाल तर विचारू नका.

रुग्णालयाबाहेरची गोष्ट आशाताईंची. या सरकारी नोकर नाहीत, मानधनावर काम करणाऱ्या स्वयंसेविका आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत एका पथकाला रोज सुमारे ५० घरांचं उद्दिष्ट होतं. १५ जून २०२१ पासून राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांनी संप केला, तेव्हा कुठे मानधनात दरमहा १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव चांगलाच, पण गॅस सिलिंडर गौरवाने येत नाही.

इथे आपल्या वस्त्यांबद्दलही बोलायला हवं. निजामुद्दीन मरकजनंतर एप्रिल २०२० मध्ये टीव्हीवर जे चाललं, त्याने आपले लोक घाबरले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं म्हटलं. पण तोवर भीती घराघरांत शिरली होती. सर्व्हेला आलेल्या बाईला ताप सांगितला तर उचलून नेतील, असं वाटे. ती भीती समजण्यासारखी होती. तरी तिचा भार पडला तो वही घेऊन दारात उभ्या असलेल्या बाईवर. वरून उद्दिष्टाचा दबाव, समोर बंद दार. नर्स आपलीच लेक असेल तर आणखी वेगळं. वॉर्डात काही सहकारी संशयाने बघत आणि बिल्डिंगमध्ये शेजारी जिन्यावरून बाजूला होत.

रमजानही त्याच दिवसांत आला. २०२१ चा पहिला रोजा १४ एप्रिलला होता आणि त्याच संध्याकाळी राज्यात ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध लागू झाले. सहरीला उठून सगळ्यांचं करायचं, मग किट घालून वॉर्ड, परत आल्यावर इफ्तारीची तयारी. अशा ड्यूटीत रोजा ठेवावा की नंतर कजा करावा हे तिने एखाद्या जाणत्या आलिमांना विचारून ठरवावं. सासूबाई किंवा शेजारच्या आपांनी नव्हे.

सरकारने काही केलंच नाही असं नाही. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत, गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. ५० लाखांचं विमा कवच आलं, पण ते मृत्यूनंतरचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोरोनाने गेले असावेत. जिवंत राहून आतून संपलेल्यांसाठी कुठल्याच विम्यात रकाना नव्हता.

बर्नआउटवर आयुष्यभर काम केलेल्या क्रिस्टिना मास्लाक सांगतात की दोष माणसात शोधण्याआधी काम बघा. कामाचा बोजा किती, स्वतःच्या कामावर ताबा किती, मोबदला आणि कदर मिळते का, सोबतचे लोक कसे, वागणूक न्यायाची आहे का, आणि मनाला पटेल असं काम करता येतं का. म्हणून रुग्णालयाने तणावमुक्तीचं एक शिबिर भरवलं आणि रोस्टर तसंच ठेवलं, तर फरक पडण्याची आशा कमीच. ‘सब्र करा, खिदमत आहे’ हे आपण घरात म्हणतो तेही तसंच. खिदमत आहेच, पण नाइटनंतरची सुट्टी, वेळेवर पगार आणि वॉर्डात पुरेशा नर्सेस हा तिचा हक्क आहे.

घरात करता येण्यासारखं बरंच आहे. नाइट करून आलेल्या सुनेला दुपारपर्यंत कोणी उठवू नये, पाहुणे आले तरी. तिच्या ड्यूटीच्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्यांनी बघावा, त्यात मुलगेही आले. ती वॉर्डातलं सांगू लागली तर मधेच उपाय सुचवू नयेत, ऐकावं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जगणं नकोसं झाल्याचं कोणी बोललं तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी, त्या माणसाला एकटं सोडू नये. सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांतही मानसिक आरोग्याची ओपीडी असते. तिथे केस पेपर काढताना ओळखीचं कोणी बघेल म्हणून मागे फिरणारे बरेच असतात, सोबत घरातलं एक माणूस गेलं तर ते सोपं जातं.