किल्लारी : माळवदाखालची माणसं

किल्लारीचा भूकंप म्हटलं की सगळ्यांना ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवते. मला त्याच्या आदल्या वर्षीचं आठवतं. १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या भागात जमीन अधूनमधून गुरगुरायची, धक्के बसायचे. माझी खाला औसा तालुक्यातल्या एका गावात दिलेली. तिच्या घरची मंडळी काही दिवस अंगणात झोपली. मग धक्के थांबले, थंडी वाढली आणि लोक आत गेले. दख्खनचं पठार म्हणजे घट्ट खडक, असं शाळेतही शिकवलेलं. सरकारी नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

आदल्या रात्री अनंत चतुर्दशी. विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आम्ही लातूरला होतो, मी अठरा वर्षांचा. फडताळातली भांडी खाली आली. अम्मी कलमा पढत आम्हाला रस्त्यावर घेऊन आली. शहर बरंचसं वाचलं होतं. उजाडल्यावर दक्षिणेकडच्या बातम्या येऊ लागल्या, तसे अब्बा आणि मी मिळेल त्या ट्रकने निघालो.

गाव नव्हतंच. पांढऱ्या मातीचे ढीग होते आणि त्यांतून वर आलेली लाकडं.

आमच्याकडचं माळवद ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे कळणार नाही. दगड-मातीच्या दोन-तीन फूट रुंद भिंती, लाकडी तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. छत गळू नये म्हणून पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात आत गारवा. भिंत जितकी रुंद तितकं घराणं मोठं. खालाचं सासर खातंपितं होतं, भिंती तशाच. ती आणि तिची दोन मुलं त्याखाली गेली. गावाच्या कडेला कुडाच्या झोपडीत राहणारं मजुराचं कुटुंब मात्र सुखरूप होतं. लाकडी खांबांनी छत पेललेली काही घरंही तगली होती. पुढे एका मजलिशीत एक मौलवीसाहेब भूकंप म्हणजे गुनाहांची सजा असं सांगू लागले, तेव्हा मी उठून बाहेर आलो. खालाचा मुलगा चार वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी जुमा. पाऊस लागून राहिला होता. सरपण नव्हतं, म्हणून घरांच्याच तुळयांवर चिता रचल्या जात होत्या. कफनाला कापड पुरत नव्हतं. चेहऱ्यांवर मातीचा लेप बसलेला, त्यामुळे कोण कुणाचं हे कळेना. आमच्यातले काही चितेवर गेले असतील, त्यांच्यातले काही कबरीत. जानेवारीतल्या मुंबईच्या दंगलीपासून आम्ही वर्तमानपत्र भीत भीत उघडायचो. त्या कबरस्तानात मात्र फावडं कुणाच्या हातात आहे हे कुणी विचारत नव्हतं. (हे फार दिवस टिकलं नाही. मदतीच्या याद्या लागल्या आणि पुन्हा वाद सुरू झाले.)

सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. लातूर-उस्मानाबादची पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. खालूंनाही सिमेंटचं घर मिळालं. चावी घेतली, सामान आत ठेवलं आणि स्वतः दारापुढे पत्र्याचं शेड घालून तिथे झोपू लागले. आम्ही जायचो तेव्हा आमचीही अंथरुणं ते पत्र्याखालीच घालायचे.