गर्भाशय प्रत्यारोपण, पुण्यातील
गर्भाशय नसलेल्या किंवा ते निकामी झालेल्या स्त्रीच्या शरीरात दात्या स्त्रीचे गर्भाशय बसवण्याची शस्त्रक्रिया. अशा प्रत्यारोपणानंतरचा जगातील पहिला जन्म २०१४ मध्ये स्वीडनमध्ये झाला. भारतात ही शस्त्रक्रिया प्रथम मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने केली. दात्या आईचे गर्भाशय दुर्बिणीच्या साहाय्याने मोकळे करून ते मुलीच्या ओटीपोटातील रक्तवाहिन्यांना जोडण्यात आले. त्या महिन्यात प्रत्यारोपण झालेल्या एका स्त्रीला १८ ऑक्टोबर २०१८ रोजी सिझेरियनने मुलगी झाली. बाळाचे वजन सुमारे १,४५० ग्रॅम होते.

हे प्रत्यारोपण जीव वाचवत नाही. मग निरोगी स्त्रीची प्रतिकारशक्ती औषधांनी का दडपावी, हा आक्षेप रास्त आहे. टॅक्रोलिमससारखी औषधे टी-पेशींना आवरून अवयव टिकवतात, पण जंतुसंसर्गाचा व मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका वाढवतात. तरीही मूत्रपिंड किंवा यकृत आयुष्यभरासाठी बसवले जाते, तर गर्भाशय अपत्यजन्मानंतर काढून टाकता येते आणि औषधे थांबवता येतात. धोक्याला मुदत घालता येणे, हेच या शस्त्रक्रियेचे खरे समर्थन होय. दत्तक घेण्याचा मार्ग खुला आहे, हेही खरे. मात्र स्वतः गर्भ वाढवण्याची इच्छा त्याने भागत नाही. म्हणूनच या शस्त्रक्रियेचे यश केवळ बाळाच्या जन्मावरून न ठरवता माता आणि दात्री यांच्या पुढील आरोग्यावरूनही ठरवले पाहिजे.