घासलेटचा डबा आणि घरातली साठवण

महाराष्ट्रात वर्षाचे धान्य पूर्वी पेवात किंवा शेणाने लिंपलेल्या कणगीत राही. मोठ्या वाड्यांत त्यासाठी बळद असे, आणि डाळी-कडधान्ये मडक्यांच्या उतरंडीत जात. ही सगळी साधने गावच्याच माती-बांबूची होती. पण कणगी उंदीर कुरतडत आणि पेवात ओल शिरे. पत्र्याचा चौकोनी डबा या घरांत शिरला तो साठवणीचे भांडे म्हणून नव्हे, तर घासलेटचे वेष्टन म्हणून.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी घासलेट मुंबई बंदरात उतरू लागले. ते कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यांतून येई. तळाची बाजू सुमारे 9 इंच, उंची सुमारे 14 इंच आणि आत सुमारे 18 लिटर तेल, असे दोन डबे एका लाकडी खोक्यात बसवलेले असत. चौकोनी आकार सोयीचा होता तो जहाजाच्या तळघरासाठी, कारण त्यात मधे जागा वाया जात नाही. घरातल्या फळीवर आणि माळ्यावरही नेमके तेच उपयोगी पडले. खोक्याच्या फळ्या वाया गेल्या नाहीतच. त्यांची फडताळे झाली, पाट झाले.

रिकाम्या डब्याला किती मोल होते, हे तेलाच्या व्यापाऱ्यांना जरा उशिरा कळले. 1892 साली मार्कस सॅम्युअल या लंडनच्या व्यापाऱ्याचे ‘म्यूरेक्स’ हे जहाज रशियन घासलेट टाक्यांत भरून सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेले. सुटे तेल स्वस्त पडत होते, पण पूर्व आशियाच्या बाजारात ते खपेना. गिऱ्हाइकाला अमेरिकी तेलाचा निळा डबाही हवा होता. शेवटी सॅम्युअलने पत्रा मागवून तिथल्या तिथे लाल डबे बनवून घेतले. पुढे ‘शेल’ म्हणून जगभर पसरलेल्या कंपनीला धंद्याच्या सुरुवातीलाच रिकाम्या डब्याने वळण लावले, असे म्हणायला हरकत नाही. भारतातही पत्र्याची मागणी इतकी वाढली की बर्मा ऑइल आणि टाटा यांनी मिळून 1920 साली जमशेदपूरजवळ गोलमुरी येथे टिनप्लेट कंपनी स्थापन केली. घासलेटच्या डब्यांचा पत्रा हा तिचा मुख्य माल होता.

तेल ओतण्यासाठी डब्याला वर लहानसे भोक असे. त्याची साठवणीची कोठी करणे हे पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराचे काम. तो छिन्नीने वरचा पत्रा कापी, कापलेली धार आत दुमडून हातोडीने ठोकी आणि कड मजबूत व्हावी म्हणून तिच्यात तार घाली. झाकणाला बिजागरी आणि पुढे कडी-कोयंडा बसवला की डब्याला कुलूपही लागे. सांधा झाळण्यासाठी नवसागर लावून वर कथील-शिशाचा डाग दिला जाई. त्याआधी तेलाचा वास घालवायचे काम घरच्या बायकांकडे असे: राखेने घासायचे, कढत पाण्याने धुवायचे आणि मग कडक उन्हात वाळवायचे. अशा एका डब्यात 15 किलोच्या आसपास तांदूळ मावतो. किडीसाठी आत कडुलिंबाचा पाला किंवा बिब्बे टाकत. मीठ, चिंच आणि लोणची मात्र चिनी मातीच्या बरणीतच राहिली, कारण खारट-आंबट पदार्थ पत्रा खातात. उरलेल्या पत्र्याची नरसाळी, खिळ्याने भोके पाडून किसण्या आणि घासलेटच्याच चिमण्या होत. कोकण-गोव्याकडच्या काजूगरांची निर्यातही याच आकाराच्या डब्यांतून, डब्यात 25 पौंड याप्रमाणे होत असे.

1943 साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले. धान्य मोजून मिळू लागले, आणि चाळीतल्या खोलीत वर्षाची बेगमी करायला जागाही नव्हती आणि धान्यही. लहान डब्यांचे महत्त्व वाढले ते यामुळे. हे डबे वनस्पती तुपाने पुरवले. 1937 साली बाजारात आलेल्या डालडाचा पिवळा डबा, त्यावरचे हिरवे ताडाचे झाड, ही मराठी स्वयंपाकघराची पुढल्या तीनचार दशकांची ओळख ठरली. तूप संपले की डब्यात शेंगदाणे किंवा गूळ, गंजू लागला की तळाला भोके पाडून तुळस आणि अगदीच जुना झाला की त्याचे टमरेल, अशी त्याची उतरती भाजणी असे. बाळाच्या दुधाच्या भुकटीचे आणि बिस्किटांचे डबे त्याच्याच शेजारी रांगेत बसत. नको असलेले डबे दारावर येणारा डबा-बाटलीवाला घेऊन जाई.

स्टीलचे डबे मध्यमवर्गात रुजले तसे पत्र्याचे डबे माळ्यावर गेले, आणि प्लॅस्टिकच्या बरण्या आल्यावर तिथूनही हलले. तेलाचा 15 किलोचा डबा मात्र किराणा दुकानांत आणि खानावळींत टिकून आहे. रिकामे डबे गोळा होऊन धारावीसारख्या वस्त्यांत जातात. तिथे ते उकळत्या पाण्यात धुऊन, पोचे काढून पुन्हा विकले जातात. खाद्यतेल भरण्यासाठी जुना डबा पुन्हा वापरायला अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे, त्यामुळे असे डबे इतर मालासाठी जातात किंवा कापून त्यांचा पत्रा विकला जातो.