ब्लॉक यांचे दुभाषे

बुलढाणा जिल्ह्यात मराठी भाषेचा इतिहास शिकविताना आम्हांला एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. घरी ‘डोळा’ न म्हणता ‘डोया’ म्हणणारा विद्यार्थी विचारतो, ‘आपल्या भाषेची घडण सांगणारा ग्रंथ फ्रेंचमध्ये का लिहिला गेला?’ प्रश्न रास्तच आहे. परंतु तो ग्रंथ आपल्यापर्यंत कोणी आणला, हा प्रश्न आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

ज्यूल ब्लॉक (१८८०-१९५३) यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० साली पॅरिसला प्रसिद्ध झाला. ते आंत्वान मेइए यांचे शिष्य. भाषा ही सामाजिक वस्तुस्थिती आहे, ही त्या परंपरेची धारणा. ध्वनी, रूपे आणि वाक्य अशा क्रमाने ब्लॉक यांनी मराठीचा इतिहास मांडला व शेवटी व्युत्पत्तीची सूची जोडली. त्याचा मराठी अनुवाद, ‘मराठी भाषेचा विकास’, १९४१ मध्ये निघाला. इंग्रजी अनुवाद १९७० मध्ये. म्हणजे मराठी वाचकाला हा ग्रंथ इंग्रजी वाचकाच्या २९ वर्षे आधी मिळाला! युरोपीय विद्या इंग्रजीच्याच दारातून यावी, हा आपला समज येथे खोटा ठरतो.

हे घडले ते दुभाष्यामुळे. मराठी अनुवादक वासुदेव गोपाळ परांजपे यांनी कात्यायनाच्या वार्तिकांवरील आपला प्रबंध फ्रेंचमध्येच लिहिला होता (१९२२). इंग्रजी अनुवादक देवराज चानना यांचाही प्राचीन भारतातील गुलामगिरीवरील अभ्यास १९५७ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला होता. दोघांनाही फ्रेंच येत होती. पण तेवढेच त्यांचे भांडवल नव्हते. संस्कृत-पालीच्या साधनांवर त्यांनी स्वतः काम केले होते. शास्त्रीय ग्रंथाच्या अनुवादकाला शब्दाचा अर्थ कळून भागत नाही. त्या शब्दामागे कोणता वाद उभा आहे, हेही ठाऊक असावे लागते. ते ज्ञान कोशात सापडत नाही.

आज आमचे विद्यार्थी फूको आणि देरिदा वाचतात, ते बहुधा इंग्रजीतून किंवा इंग्रजीवरून केलेल्या मराठीतून. यंत्राने केलेला अनुवादही आता क्षणात हाती येतो. सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मूळ ग्रंथाशी वाद घालण्याची उमेद अशा वाचनातून सहसा येत नाही. आणि वाद घालण्याजोगे पुष्कळ आहे. ‘लीळाचरित्रा’चे ह. ना. नेने यांनी केलेले संपादन ब्लॉक यांच्या ग्रंथानंतरचे, १९३० नंतरच्या दशकातील. त्यात आमच्या जिल्ह्यातले मेहकर आहे, लोणार आहे. ब्लॉक यांच्या निष्कर्षांना ही सामग्री लावून पाहणे, हे काम वऱ्हाडच्या अभ्यासकांनी अंगावर घ्यायला हवे.

म्हणून त्या विद्यार्थ्याला आम्ही परांजप्यांचा अनुवाद वाचावयास सांगतो, आणि सोबत एक प्रश्नही देतो: परांजप्यांनी स्वीकारलेले काम पुढे नेण्यासाठी आपल्यापैकी कोण फ्रेंच शिकणार?