व्होल्टेजवर उडणारं विमान

सिम्युलेशन म्हटलं की आपण लगेच लॅपटॉप उघडतो. पण 1950 च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर विमानाच्या गतीची समीकरणं चक्क वायरी जोडून सोडवली जायची. यंत्राचं नाव जीईडीए, म्हणजे गुडइयर कंपनीचा ॲनालॉग कॉम्प्युटर.

कल्पना साधी आहे. ॲम्प्लिफायरला कपॅसिटर जोडला की तो येणाऱ्या व्होल्टेजचं इंटिग्रेशन करतो. आत कोनीय त्वरण दिलं की बाहेर कोनीय वेग मिळतो. तेच पुन्हा केलं की कोन. शेपटीमुळे किती स्थिरता मिळते, ते पोटेन्शिओमीटर फिरवून ठरवायचं. विमान झपाट्याने गिरकी घेतं तेव्हा समीकरणांत दोन कोनीय वेगांचा गुणाकार येतो आणि ती नॉनलिनिअर होतात. हाताने सोडवणं म्हणजे प्रचंड चिकाटीचं काम. इथे मात्र एक बटण फिरवलं की कागदावर लगेच नवा आलेख! शिवाय सगळं खऱ्या वेळेत चालायचं, त्यामुळे पायलटलाही समोर बसवता यायचं.

एनएसीए या नासाच्या पूर्वज संस्थेतले इंजिनिअर रिचर्ड डे यांनी एक्स-2 हे रॉकेट विमान असंच यंत्रावर ‘उडवलं’. मॅक 3 पर्यंत तोवर कोणी पोचलंच नव्हतं, त्यामुळे कमी वेगाची आकडेवारी पुढे ताणावी लागली. उत्तर काळजीचं होतं. वेग वाढतो तशी दिशा-स्थिरता घटते. अशा वेळी नाक उचलून वळायला गेलं आणि एलेरॉन वापरले, तर नाक भलतीकडेच वळणार आणि ताबा सुटणार. पायलट मेल ॲप्ट यांना डे यांनी हे यंत्रावर दाखवलंही होतं.

27 सप्टेंबर 1956. ॲप्ट यांचं पहिलंच रॉकेट उड्डाण. मॅक 3 ओलांडणारे ते जगातले पहिले पायलट ठरले. पण वेग पुरेसा उतरायच्या आत त्यांनी तळाकडे वळण घेतलं. विमान गरगरत कोसळलं. ॲप्ट वाचले नाहीत.

मग ‘मॉडेल बरोबर होतं’ म्हणून आपण मोकळं व्हायचं का? मला नाही वाटत. धोका आलेखात दिसणं वेगळं आणि पायलटच्या हाताला त्याची सवय होणं वेगळं. पुढे एक्स-15 च्या वेळी ॲनालॉग सिम्युलेटर तयारीचा अविभाज्य भाग झाला: उड्डाण साधारण दहा मिनिटांचं, तालीम तासन्‌तास.

रिसर्चला येताय ना? मग एवढं लक्षात ठेवा. आकडे कुठून आणले, कुठे ताणले आणि निर्णय घेणाऱ्यापर्यंत ते कितपत पोचले, हे पाहणंही आपलंच काम आहे.