ॲव्हरेज पडलं, चोर कोण? आजोबांच्या चोकपासून माझ्या मोबाईलपर्यंत

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत, किल्ले नाहीत. आज बोलायचंय गाडीच्या ॲव्हरेजबद्दल. हसू नका, यालाही इतिहास आहे. ॲव्हरेज पडलं की आपण आधी कुणाला तरी चोर ठरवतो आणि खरा चोर भलतीकडेच बसलेला असतो. आमच्या घरात हेच झालं, म्हणून हा भाग.

आमची गाडी २०१४ ची. साधी पेट्रोल हॅचबॅक. लिटरला १७ किलोमीटर द्यायची. मागच्या हिवाळ्यात बाबांनी हिशेब केला तर १३! बाबा तडक नेहमीच्या पंपावर गेले आणि तिथल्या पोराला चार लोकांसमोर म्हणाले, "मापात पाप करता तुम्ही!" पोरगा माझ्याच वयाचा. उलट बोलला नाही. आतून पाच लिटरचं माप घेऊन आला. हे माप पंपावर ठेवावंच लागतं, आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. मोजलं. पेट्रोल बरोब्बर रेषेवर. बाबा गप्प गाडीत बसले. सॉरी म्हणाले नाहीत. मी शेजारीच होतो, मला ते लागलं.

घरी आल्यावर मला आजोबांची वही आठवली. आजोबा मुंबईत टॅक्सी चालवायचे, काळी-पिवळी. गाडी शेठची, पेट्रोल स्वतःचं. रोजचं भाडं शेठला द्यायचं, पेट्रोलचे पैसे वजा करायचे, उरेल ते आजीच्या हातात. आता काळ बघा. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला. कच्चं तेल बॅरलला तीन डॉलरच्या आसपास होतं, ते जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या वर गेलं. युद्ध तिकडे, चटका गिरगावातल्या चुलीला. अशा वेळी ॲव्हरेज एका किलोमीटरने पडलं तरी आजीला कळायचं. म्हणून आजोबा वहीत दर रविवारी लिहायचे: टाकी फुल, किलोमीटर इतके, लिटर इतके.

टॅक्सी म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी फियाट, जिला पुढे पद्मिनी नाव पडलं. इंजिन १,०८९ सीसी, आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण करायला कार्ब्युरेटर. पेट्रोल नीट जळायला वजनाने एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते. कार्ब्युरेटर हे प्रमाण बारीक भोकं आणि स्क्रू यांच्या भरवशावर सांभाळायचा. सकाळी इंजिन गार असेल तर जास्त पेट्रोल लागतं, म्हणून डॅशबोर्डवर चोकची खुंटी असायची. खेचली की हवा कमी, पेट्रोल जास्त. इंजिन तापलं की आत ढकलायची. विसरलात? मग दिवसभर पैसे सायलेन्सरमधून बाहेर.

तेव्हा ॲव्हरेज पडलं की पहिला संशय पंपावर: "रॉकेल मिसळलंय." भेसळ व्हायची, खोटं नाही. पण मुरलेला मिस्त्री आधी स्पार्क प्लग काढून बघायचा. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढराफटक असेल तर हवा जास्त. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर इंजिन ठीक, दोष दुसरीकडे शोधा. मग गाडी सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून हाताने ढकलायची. जड गेली तर कुठलातरी ब्रेक धरून बसलाय किंवा टायरात हवा कमी आहे. स्कॅनर नाही, काही नाही. डोळे आणि खांदा, बस्स.

याच मिस्त्रींची एक सवय मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन गार असेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. गाडी घाटात तापली की आपल्याकडे तो सरळ काढून टाकायचे. "इथे काय बर्फ पडतो का? कशाला पाहिजे!" कार्ब्युरेटरच्या गाडीत ते बऱ्यापैकी खपून जायचं, कारण पाणी किती गरम आहे हे कार्ब्युरेटरला समजायचंच नाही. चोक आत ढकलला की त्याच्या दृष्टीने इंजिन गरम.

मग काळ बदलला. १९७६ मध्ये व्होल्व्होने अमेरिकेत विकायच्या गाड्यांत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर बसवला. धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे तो सांगतो, आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करता येतं. प्लगचा रंग बघणारा मिस्त्रीच जणू सायलेन्सरच्या पाइपात जाऊन बसला! आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिशामुळे तो निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्याच सुमारास नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जाऊ लागला. पेट्रोल किती सोडायचं ते आता ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, ठरवू लागला. पुढे अमेरिकेत १९९६ पासून आणि आपल्याकडे २०१३ पासून गाड्यांना ओबीडी-२ चं सॉकेट आलं. स्टिअरिंगखाली हात घाला, तिथेच असतं.

आता परत आमच्या गाडीकडे. पंप निर्दोष सुटला तेव्हा बाबांनी दुसरा आरोपी पकडला: इथेनॉल. या आरोपात तथ्य आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश ऊर्जा असते. पण तथ्य किती? २०२१ मध्ये नीती आयोगाने इथेनॉलचा आराखडा मांडला. त्यातला अंदाज असा, की ई१० साठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२० वर सहा-सात टक्क्यांनी घटेल. १७ चे सात टक्के म्हणजे १.२ किलोमीटर. म्हणजे १७ चे १५.८ व्हायला हवेत. आमचे झाले होते १३! उरलेले पावणेतीन किलोमीटर कुणी खाल्ले?

मी आजोबांची पद्धत धरली. एकच पंप, ऑटो कट होईपर्यंत टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, पुन्हा फुल. असं तीनदा. १३.१, १२.९, १३. म्हणजे हिशेबाची चूक नाही. टायर तपासले, ३२ च्या जागी २४ निघाले. भरले. थोडा फरक पडला. गाडी थांबवल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहिला, एखादंच चाक जास्त तापलंय का? नाही.

मग ओबीडीचं छोटं ब्लूटूथ यंत्र लावलं आणि मोबाईलवर आकडे पाहत बसलो. अर्धा तास गाडी चालली तरी कूलंट ६५ डिग्रीच्या वर जाईना. तिथे नव्वदच्या आसपास हवं. आणि डक्कन डोक्यात उजेड पडला! आदल्या मे महिन्यात गाडी तापली होती, तेव्हा एका गॅरेजमध्ये दिली होती. उघडून पाहिलं तर थर्मोस्टॅट गायब.

आता गंमत बघा. कार्ब्युरेटरला तापमान कळत नव्हतं, पण ईसीयूला कळतं, आणि तो त्या आकड्यावर विश्वास ठेवतो. त्याला वाटत होतं, इंजिन अजून गारच आहे. म्हणून तो गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडत होता. शिवाय गार इंजिनाचं तेलही घट्ट राहतं, घर्षण वाढतं. थोडक्यात, आजोबांच्या टॅक्सीचा चोक आमच्या गाडीत सहा महिने खेचलेला होता, फक्त खुंटी दिसत नव्हती. मिस्त्रीने मुद्दाम वाकडं केलं असं मला वाटत नाही. त्याच्या उस्तादाने शिकवलं तेच त्याने केलं. एका पिढीच्या गाडीत चालून गेलेली युक्ती पुढच्या पिढीच्या गाडीत बिघाड ठरली.

नवा थर्मोस्टॅट बसवला. ॲव्हरेज आलं १५.६. पूर्ण १७ नाही आलं, येणारही नाही. इथेनॉलचा वाटा तेवढा आहेच. पण आता कुणाचा वाटा किती, ते माहीत आहे.

तुमच्या गाडीचं ॲव्हरेज पडलं तर हे तुम्हीही करू शकता. कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशी तुलना नको, तो प्रयोगशाळेतला असतो. आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी करा. आधी मोजा, मग वजाबाकी करा, आरोप सगळ्यात शेवटी.

हो, आणि त्या पंपावर आम्ही परत गेलो. तोच पोरगा होता. बाबा काच खाली करून म्हणाले, "बाळा, तुझं माप बरोबर होतं. दोष आमच्या गाडीत निघाला." तो हसला. "काका, मग आज फुल करू?"

फुल केली. भेटू पुढच्या भागात!